जहाजाचा करार नेमका कोण लिहितं? छापील चार्टर पार्टी आणि व्यापारी संघटना

लेटाइम (धागाकर्ता)

जहाज भाड्याने घेण्याच्या कराराला चार्टर पार्टी म्हणतात. पन्नास हजार टन गव्हासाठी जहाज ठरतं तेव्हा जहाजमालक आणि ते भाड्याने घेणारा चार्टरर या दोन्ही पक्षांनी स्वतः लिहिलेला मजकूर ईमेलच्या पंधरा-वीस ओळींच्या पुढे क्वचितच जातो. जहाजाचं नाव, माल, बंदरं, तारखा, भाडं, लेटाइम (माल चढवा-उतरवायला दिलेली मुदत), डेमरेजचा (ती मुदत ओलांडल्यावरच्या भरपाईचा) दर, दलाली. शेवटी एक ओळ असते: बाकी सगळं जेनकॉन ९४ प्रमाणे. त्या एका ओळीतून १९ कलमं करारात येऊन बसतात आणि त्यातलं एकही त्या दोघांनी लिहिलेलं नसतं. ती बिम्को या जहाजमालकांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जेनकॉन नावाच्या छापील नमुन्यातली असतात.

बिम्कोची सुरुवात १९०५ साली कोपनहेगनमध्ये झाली. बाल्टिक आणि श्वेत समुद्रातून इमारती लाकूड वाहून नेणारे जहाजमालक एकत्र आले, कारण एकमेकांशी स्पर्धा करताना भाडी पार खाली गेली होती. म्हणजे मूळ हेतू दर सावरण्याचा होता. करारांचे नमुने त्यातून पुढे आले आणि आज संघटनेची ओळख तीच आहे. जेनकॉन १९२२ चा, व्हॉयेज चार्टरसाठी (एका फेरीच्या भाड्यासाठी). त्याच्या सुधारित आवृत्त्या १९७६, १९९४ आणि २०२२ मध्ये आल्या. टाइम चार्टरसाठी (ठरावीक मुदतीच्या भाड्यासाठी) न्यूयॉर्क प्रोड्यूस एक्स्चेंजचा १९१३ चा नमुना आहे, ज्याला आपण सगळे एनवायपीई म्हणतो. जुनी जहाजं विकायला नॉर्वेच्या जहाज दलालांच्या संघटनेचा सेलफॉर्म, नुसतं जहाज भाड्याने द्यायचं तर बेअरकॉन, व्यवस्थापन दुसऱ्याकडे सोपवायचं तर शिपमॅन. धान्याच्या खरेदी-विक्रीला गॅफ्टा या व्यापारी संघटनेचे करार, तेल आणि तेलबियांना फोस्फा या तशाच संघटनेचे.

हा धागा काढण्याचं कारण असं. मी बरीच वर्षं चार्टरिंगमध्ये आणि नंतर पोस्ट-फिक्स्चरमध्ये (करार झाल्यानंतरच्या कामकाजात) काम करतो आहे. नव्याने येणारी मुलं रायडर क्लॉज (छापील नमुन्याला जोडलेली जादा कलमं) तोंडपाठ करतात, पण छापील नमुना उघडूनही बघत नाहीत. मला हे मनापासून खटकतं. या संघटनांची खरी कमाई अशी की समोरच्याला आणि आपल्याला एकाच कलमाचा एकच अर्थ आधीपासून ठाऊक असतो. भाव ठरवायला तासभर मिळतो तेव्हा ही गोष्ट किती मोलाची असते, हे त्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही.

एक उदाहरण देतो. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे, धक्का रिकामा नाही. लेटाइम सुरू झाला का? म्हणजे थांबण्याचे पैसे कोणाचे? इंग्लंडमध्ये योहाना ओल्डेनडॉर्फ प्रकरणात हा वाद १९७३ मध्ये थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. जहाज लिव्हरपूलच्या बार अँकरेजवर, नेहमीच्या धक्क्यांपासून १७ मैलांवर उभं होतं. न्यायालयाने ठरवलं की ती जागा बंदराच्या हद्दीतली नेहमीची थांबण्याची जागा आहे आणि जहाज चार्टररच्या पूर्ण हवाली आहे, तेव्हा ते पोहोचलं असं धरायचं. जेनकॉन ९४ मध्ये हा प्रश्न कलम ६ मध्येच सोडवलेला आहे: धक्का मिळत नसेल तर बाहेरूनच नोटीस ऑफ रेडिनेस (जहाज तयार असल्याची सूचना) देता येते. नोटीस दुपारी बारापर्यंत दिली तर वेळ एक वाजता सुरू, बारानंतर कामाच्या वेळात दिली तर दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी सहाला. इतकं साधं. यावर पुन्हा घासाघीस करायची गरज उरत नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः ज्यांना हे नमुने एकतर्फी वाटतात त्यांचे.

दीपस्तंभ

उत्तम धागा. मी सागरी वादांचं वकिली काम करते, त्यामुळे थोडी भर.

छापील कलमाच्या मागे शंभर वर्षांचे निकाल आणि लवादाचे निर्णय उभे असतात. म्हणूनच एनवायपीईची १९४६ ची आवृत्ती अजून सर्रास वापरली जाते. १९९३ ची आली, २०१५ ची आली, दोन्ही जास्त नीट लिहिलेल्या आहेत, तरी माणसं १९४६ सोडत नाहीत. भाषा जुनाट आहे, पण तिच्या प्रत्येक ओळीवर कोणी ना कोणी भांडून झालेलं आहे.

साल्डान्हा प्रकरण बघा. फेब्रुवारी २००९ मध्ये एडनच्या आखातात सोमाली चाच्यांनी जहाज पकडलं, दोन महिने अडकवून ठेवलं. चार्टरर म्हणाला, जहाज माझ्या कामाचं नव्हतं, तेवढ्या दिवसांचं हायर (टाइम चार्टरचं भाडं) देणार नाही. एनवायपीईच्या कलम १५ मध्ये ऑफ-हायरची (हायर थांबण्याची) कारणं दिलेली आहेत आणि शेवटी 'इतर कोणतंही कारण' असं आहे. लंडनच्या न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की त्या 'इतर'मध्ये आधीच्या कारणांसारखीच कारणं येतात, चाचेगिरी येत नाही. पक्षांना ती हवी असती तर कलमात 'व्हॉट्सोएव्हर' (मग ते कोणतंही असो) हा एक शब्द घालण्याची रीत व्यापारात होतीच. हायर चार्टररला भरावं लागलं. दरम्यान २००९ मध्येच बिम्कोने चाचेगिरीचं स्वतंत्र कलम प्रसिद्ध केलं होतं, ज्यात हायर, विमा, वळसा घालण्याचा खर्च सगळं स्पष्ट वाटून दिलेलं आहे. संघटना किती वेगाने काम करू शकते याचं हे चांगलं उदाहरण. आंतरराष्ट्रीय कायद्याला तेवढ्यासाठी दशक लागलं असतं.

उधाणवारा

मी मालाच्या बाजूला आहे, धान्य आणि पशुखाद्य. त्यामुळे दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

'सगळ्यांना माहीत असलेलं कलम' म्हणताना ते कोणाच्या सोयीचं आहे हेही बघा. जेनकॉनचं जुनं कलम २ काढा. मालाचं नुकसान झालं तर जहाजमालक जबाबदार कधी? त्याने किंवा त्याच्या मॅनेजरने स्वतः जहाज सुस्थितीत ठेवण्यात कसूर केली तरच. कप्तानाची चूक, खलाशांची चूक, हॅच कव्हर (मालाच्या कोठाराचं झाकण) नीट न लावल्याने आत गेलेलं पाणी, यातलं बहुतेक सगळं मालकाच्या अंगाला लागत नाही. १९२२ मध्ये लिहिलेलं हे कलम १९७६ मध्ये टिकलं आणि १९९४ मध्येही टिकलं. जहाजमालकांनी स्थापन केलेली संघटना मालकांच्या बाजूने झुकणार, यात नवल नाही, पण मग त्याला तटस्थ नमुना म्हणू नये. तुम्ही रायडर क्लॉजांवर चिडता, पण आमच्याकडे पहिला रायडर असतो तो क्लॉज पॅरामाउंट (मालवाहतुकीच्या जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय नियम लागू करणारं कलम), याच कलम २ ला निष्प्रभ करायला. तो आम्ही हौसेने घालत नाही.

दुसरी अडचण कोणी बोलत नाही ती. विक्रीचा करार गॅफ्टाचा, जहाजाचा करार बिम्कोचा. दोन्ही संघटनांनी आपापला नमुना उत्तम लिहिलाय, पण आमच्यासारखा माणूस दोन्हींच्या मधे उभा असतो. जहाजमालकाला मी डेमरेज देतो चार्टर पार्टीच्या हिशोबाने, आणि समोरच्या खरेदीदाराकडून वसूल करतो विक्री कराराच्या हिशोबाने. एकात रविवार आणि सुट्ट्या धरतात, दुसऱ्यात वगळतात. एकात नोटीस रात्री चालते, दुसऱ्यात फक्त कार्यालयीन वेळेत. दावा दाखल करायच्या मुदती वेगळ्या. फरक माझ्या खिशातून जातो. आमच्या एका व्यवहारात खरेदीदाराने अशाच फरकावर बोट ठेवून डेमरेजचा मोठा भाग नाकारला, आणि करार वाचल्यावर त्याचं बरोबर निघालं.

लेटाइम

उधाणवारा, राग कसला, हेच हवं होतं.

कलम २ बद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ते शतकभर तसंच राहायला नको होतं. २०२२ च्या आवृत्तीत ते गेलं आणि त्या जागी हेग-व्हिस्बी या मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांवर आधारलेली जबाबदारी आली. म्हणजे बिल ऑफ लेडिंगखाली (माल चढवल्याच्या दस्तऐवजाखाली) वाहतूकदार ज्या पातळीवर उत्तरदायी असतो, साधारण तीच पातळी. मला वाटतं, जेनकॉन २०२२ कडे वळायचं हे एकच कारण पुरेसं आहे. तरीही बाजारात ९४ चालू आहे, कारण प्रत्येकाकडे ९४ वर बेतलेला स्वतःचा जुना करार आहे आणि दर वेळी तोच पुढे ढकलला जातो.

झुकावाबद्दल मात्र थोडा फरक करतो. बिम्कोच्या डॉक्युमेंटरी कमिटीत आता नुसते मालक नसतात. मसुदा करणाऱ्या उपसमितीत चार्टरर, दलाल, पी अँड आय क्लब (जहाजांचा जबाबदारी-विमा देणाऱ्या परस्पर संस्था), वकील बसतात. एनवायपीई २०१५ तर तीन संस्थांनी मिळून केला: अमेरिकेतली जहाज दलालांची संघटना, बिम्को आणि सिंगापूर मेरिटाइम फाउंडेशन. मतभेद झाले तर ते जाहीर होतात. २०२२ च्या शेवटी कार्बन तीव्रतेचं कलम आलं, जहाजाचा सीआयआय (कार्बन तीव्रता निर्देशांक) दर्जा राखण्याची जबाबदारी टाइम चार्टरमध्ये कोणी घ्यायची यावर. मोठ्या कंटेनर कंपन्यांसह अनेक चार्टररांनी खुलं पत्र लिहून सांगितलं की हे ओझं फार आमच्यावर टाकलंय, आम्ही वापरणार नाही. आणि कोणी जबरदस्ती करू शकलं नाही. नमुना वापरणं ऐच्छिक असतं, म्हणून एकतर्फी कलमाला बाजार परत पाठवू शकतो. शिक्का कुठल्याही संघटनेचा असला तरी.

गॅफ्टा आणि चार्टर पार्टी यांच्यातल्या फटीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, एकच उपाय आहे: विक्री करारातच लिहा की लेटाइम आणि डेमरेज चार्टर पार्टीप्रमाणे, आणि ती चार्टर पार्टी आधी दाखवा. निदान शब्दांच्या व्याख्या तरी सारख्या ठेवता येतात. २०१३ मध्ये बिम्को, लंडनचं बाल्टिक एक्स्चेंज, सागरी कायद्याची आंतरराष्ट्रीय समिती सीएमआय आणि जहाज दलाल-एजंटांचा महासंघ फोनास्बा या चौघांनी मिळून लेटाइमच्या व्याख्या प्रसिद्ध केल्या. पण त्या आपोआप लागू होत नाहीत, करारात नाव घेऊन आणाव्या लागतात. हे बहुतेकजण विसरतात.

जुना कप्तान

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. तुम्ही सगळे किनाऱ्यावरून बोलताय, मी जहाजावरून सांगतो.

छापील कलमांतलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे युद्धजोखमीचं. टाइम चार्टरला कॉनवॉरटाइम, व्हॉयेज चार्टरला व्हॉयवॉर. चार्टररचा हुकूम येतो: अमुक मार्गाने जा. त्या मार्गावर क्षेपणास्त्रं उडत असतील तर? माझ्याखाली वीस-बावीस माणसं आहेत. त्यांच्या घरी आई-वडील, बायका-मुलं आहेत. हुकूम मोडला तर मालकावर नुकसानभरपाईचा दावा, पाळला तर माणसांचा जीव. या कलमात स्पष्ट लिहिलेलं असतं की मालक किंवा कप्तान यांच्या वाजवी मते जोखीम असेल तर जहाज तिथे न्यायला ते बांधील नाहीत. ही ओळ हाताशी असणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गॅलेक्सी लीडर हे जहाज पकडलं गेलं आणि लाल समुद्राचा मार्ग कित्येकांनी सोडला, केप ऑफ गुड होपला वळसा घातला. त्या आठवड्यांत कप्तानांच्या गप्पांत एकच प्रश्न होता: तुझ्या चार्टर पार्टीत कोणत्या सालचं कॉनवॉरटाइम आहे? साल महत्त्वाचं असतं, हे वकीलताई जास्त नीट सांगतील.

दीपस्तंभ

कॅप्टनसाहेब, अगदी योग्य जागी आलात. सांगते.

जुन्या आवृत्तीत जहाज जोखमीला सामोरं जाण्याची 'शक्यता किंवा संभव' अशा अर्थाचे शब्द होते. ट्रायटन लार्क प्रकरणात मालकाने चाचेगिरीच्या भीतीने एडनचं आखात टाळून केपमार्गे जहाज नेलं. न्यायालयाने म्हटलं, नुसती भीती पुरेशी नाही, धोक्याचा खरा संभव असायला हवा. निव्वळ कल्पनेतली शक्यता चालणार नाही, आणि ठाम खात्रीही लागणार नाही. त्यानंतर २०१३ ची आवृत्ती आली. लाल समुद्रानंतर नवा पेच उभा राहिला. धोका सगळ्यांना ठाऊक असताना करार केला, भाडं त्या हिशोबाने वाढवून घेतलं, आणि मग मालक म्हणाला जाणार नाही, तर? २०२५ च्या आवृत्तीत याचा विचार आहे: करार करताना जी जोखीम माहीत होती तिच्याच नावाने नंतर नकार देता येत नाही, परिस्थितीत ठळक फरक पडला असेल तरच देता येतो. चार्टररचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, कप्तानाचा अधिकारही शाबूत राहिला. मला ही दुरुस्ती न्याय्य वाटते.

नवशिकी_होडी

मी सागरी कायद्याचा अभ्यासक्रम करतेय. प्रश्न बाळबोध असेल: हे सगळं खासगी संघटनांवर का सोडलंय? संयुक्त राष्ट्रांनी एक करार करून सगळ्यांना बंधनकारक का केला नाही?

दीपस्तंभ

बाळबोध मुळीच नाही. बिल ऑफ लेडिंगबाबत तसं झालंच आहे. १९२१ मध्ये इंटरनॅशनल लॉ असोसिएशनने हेग इथे नियम केले, ते आधी ऐच्छिकच होते. वाहतूकदारांनी स्वेच्छेने ते घेतले नाहीत, म्हणून १९२४ मध्ये त्यांचंच आंतरराष्ट्रीय करारात रूपांतर झालं. बिल ज्याच्या हाती पडतं तो माल घेणारा वाटाघाटीच्या टेबलावर कधीच नसतो, त्याला संरक्षण लागतं. चार्टर पार्टीत दोन्ही बाजू व्यापारी असतात, दलाल असतात, घासाघीस होते, म्हणून तिथे कराराचं स्वातंत्र्य ठेवलं. आणि सक्तीच्या मार्गाचं पुढे काय झालं तेही बघ: १९६८ चे व्हिस्बी, १९७८ चे हॅम्बर्ग नियम, मग २००८ चे रॉटरडॅम नियम, जे लागू व्हायला २० देशांची मान्यता हवी आणि ती अजून मिळालेली नाही. एक नियम करायला निघालो आणि जगात तीन-चार व्यवस्था एकाच वेळी चालू आहेत.

क्लबवाला

विम्याच्या बाजूने एक मुद्दा, कारण तो या चर्चेत यायलाच हवा. पी अँड आय क्लब याही एक प्रकारच्या संघटनाच. एनवायपीईखाली मालाचा दावा आला की मालक आणि चार्टरर यांच्यात भांडण ठरलेलं. १९७० पासून क्लबांनी आपसात इंटर-क्लब अॅग्रीमेंट केलं, आताची आवृत्ती २०११ ची. जहाज सागरक्षम नव्हतं म्हणून नुकसान झालं तर १०० टक्के मालकाचं. माल चढवण्या-उतरवण्यात, रचण्यात चूक झाली तर १०० टक्के चार्टररचं. उतरवताना माल कमी निघाला तर निम्मं-निम्मं. कोणाची चूक किती, हे बारीक खणत बसायचं नाही. आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट सांगतो: एनवायपीईच्या कलम ८ मध्ये 'कप्तानाच्या देखरेखीखाली' नंतर 'आणि जबाबदारीवर' असं कोणी जोडलं, तर रचण्याच्या दाव्याचे १०० टक्के एकदम ५०-५० होतात. रिकॅपमध्ये (ठरलेल्या अटींच्या ईमेलमधल्या गोषवाऱ्यात) सहज घुसवलेल्या दोन शब्दांनी लाखो डॉलरचा भार एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. धागाकर्ते रायडरबद्दल जे सांगतायत ते याच कारणाने मला पटतं.

उधाणवारा

हे माहीत नव्हतं. आमच्या टेम्प्लेटमध्ये ते शब्द आहेत का, उद्याच बघतो.

एक शंका. एवढ्या स्पर्धक कंपन्या एकत्र बसून अटी ठरवतात, हे स्पर्धा कायद्यात बसतं?

दीपस्तंभ

अटींचा नमुना बसतो, जोवर तो ऐच्छिक आहे आणि समितीत दराचा विषय निघत नाही. भाडी ठरवणाऱ्या लाइनर कॉन्फरन्सना (नियमित मार्गांवरच्या जहाज कंपन्यांच्या गटांना) युरोपात असलेली सूट ऑक्टोबर २००८ मध्ये संपली. जेनकॉनमध्येही भाड्याची, डेमरेजची जागा कोरी असते.

लेटाइम

कोऱ्या जागेवरून आठवलं. नवशिकी_होडी, तू या क्षेत्रात येणार आहेस म्हणून एक कामाची गोष्ट सांगून ठेवतो.

चार्टर पार्टीखाली निघणारं बिल ऑफ लेडिंग बहुतेकदा काँजेनबिल असतं, तेही बिम्कोचंच. १९९४ च्या आवृत्तीत पाठीमागे लिहिलंय की अमुक तारखेच्या चार्टर पार्टीतल्या सगळ्या अटी, कायदा आणि लवादाच्या कलमासह, या बिलात धरल्या आहेत. 'लवादाच्या कलमासह' हे मुद्दाम घातलं, कारण नुसतं 'सगळ्या अटी' म्हटलं तर लवादाचं कलम बिलात येत नाही असं इंग्रजी न्यायालयं सांगत आली होती. पण पुढच्या बाजूला तारखेचा चौकोन असतो आणि तो खूप वेळा कोराच राहतो. जहाज एका मालकाकडून टाइम चार्टरवर, त्याच्याकडून पुढे व्हॉयेज चार्टरवर, अशी साखळी असली की वाद सुरू: कोणती चार्टर पार्टी? कोणत्या शहरातला लवाद? बँकेकडून मदत नाही, यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या नियमांतल्या कलम २२ प्रमाणे बँक चार्टर पार्टी तपासतच नाही, मागवली असली तरी. इलेक्ट्रॉनिक बिलं आली तरी हा चौकोन भरावाच लागणार आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तशा बिलांना कागदी बिलाइतकाच कायदेशीर दर्जा आहे आणि बिम्को आणि वाहतूक, व्यापार, बँकिंगमधल्या इतर संस्थांनी (फियाटा, आयसीसी, डीसीएसए, स्विफ्ट) त्यासाठी आघाडीही केली आहे.

तेव्हा बिलाचा मसुदा एजंटकडून आला की आधी तो चौकोन बघ. चार्टर पार्टी कागदावर सही व्हायची बाकी असेल तर रिकॅपची तारीख टाक, साखळीत दोन चार्टर पार्ट्या असतील तर कोणती ते दोन्ही पक्षांची नावं घालून लिही, आणि एजंटला लेखी कळव की याच्याशिवाय बिल सोडायचं नाही.

नवशिकी_होडी

लिहून घेतलं. काँजेनबिल आणि जेनकॉनचे ९४ आणि २०२२ हे दोन्ही नमुने शेजारी ठेवून वाचायला घेते, कलम २ पासून. शंका आल्या की इथेच विचारेन.